जंतू कोणता, हा दुसरा प्रश्न



लहान मुलांची हगवण हा काही व्यासपीठावरून बोलायचा विषय नव्हे, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण इथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात तो कधी ना कधी बोलला गेला आहे, आणि तोही बहुधा रात्री दोन वाजता, रडणाऱ्या पोराला खांद्यावर घेऊन. स्मृतिव्याख्यानात मोठ्या माणसांविषयी आणि मोठ्या कल्पनांविषयी बोलायची आपल्याकडे रीत आहे. आजही मोठी माणसं आणि मोठ्या कल्पना येतील. फक्त त्या लंगोटाच्या वाटेने येतील.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पावसाळा लागला की आमच्याकडे गॅस्ट्रोची रांग लागते. दीड वर्षाचं मूल, कालपासून सात-आठ वेळा पातळ शी, दोनदा उलटी, अंग किंचित गरम. सोबत आई, बऱ्याचदा आजी. आजीचं निदान तयार असतं: दात येताहेत. आईचा प्रश्न तयार असतो: "डॉक्टर, कसले जंतू झालेत? टेस्ट करायची का? जरा स्ट्राँग औषध द्या, म्हणजे लवकर थांबेल."

आईच्या बोलण्यात एक साखळी गृहीत धरलेली आहे. आधी जंतू ओळखायचा, मग तो मारणारं औषध द्यायचं, मग मूल बरं होतं. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात ही साखळी बरोबर आहे. हगवणीत ती बहुतेक वेळा लागू पडत नाही. हगवणीच्या जंतूंविषयी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे कळलं, त्याचा सर्वांत मोठा उपयोग औषध कधी देऊ नये हे कळण्यासाठी झाला आहे, हे मला आज सांगायचं आहे. 'जंतू कोणता' हा प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण तो पहिला प्रश्न नाही, आणि मुलाच्या उशाशी बसून विचारायचा तर बहुधा नाहीच.

जिवाणूंकडे वळण्याआधी एक गोष्ट बाजूला काढते. लहान मुलांच्या तीव्र हगवणीचं जगातलं सर्वांत मोठं कारण जिवाणू नाही, रोटाव्हायरस हा विषाणू आहे. 1973 साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी मुलांच्या आतड्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढे 1980च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत, आजार न करणारा असा एक रोटाव्हायरस सापडला. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा चिवटपणे पाठपुरावा केला आणि त्यातून भारतीय लस उभी राहिली. 2016 मध्ये ती सरकारी लसीकरणात आली, आधी चार राज्यांत आणि मग देशभर. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो, हे इथेच नोंदवून ठेवू. पण या लसीमुळे रोटाव्हायरसचा वाटा जसजसा घटेल, तसतसा उरलेल्या हगवणीत जिवाणूंचा वाटा वाढलेला दिसेल. म्हणून आजचा विषय जिवाणू.

घरचाच जंतू

1885 साली थिओडोर एशेरिश नावाचा तरुण डॉक्टर म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांची शी तपासत होता. बाळ जन्मल्यावर त्याच्या आतड्यात जंतू कधी आणि कोणते येतात, हा त्याचा प्रश्न. त्याला एक दांडीसारखा जिवाणू पुन्हा पुन्हा दिसला, तोही धडधाकट बाळांत. आज आपण त्याला एशेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय म्हणतो. तो तुमच्या पोटात आहे, माझ्या पोटात आहे, आणि बहुतेक काळ तिथे गुण्यागोविंदाने राहतो.

साठ वर्षांनी, 1945 साली, लंडनच्या जॉन ब्रे यांनी उन्हाळ्यात तान्ह्या मुलांना होणाऱ्या जीवघेण्या हगवणीचा शोध घेतला आणि त्यांना सापडला तो हाच जिवाणू. त्याचं एक विशिष्ट घराणं मात्र बिघडलेलं होतं. या घराण्यातले जंतू आतड्याच्या पेशीला चिकटतात आणि तिच्यावरची शोषणाची बारीक लव सपाट करून टाकतात. ते चिकटतात कसे, हे 1997 मध्ये उलगडलं. पेशीवर धरायला जागा नसते, म्हणून हा जंतू स्वतःचंच एक प्रथिन पेशीच्या आत टोचतो, ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतं, आणि मग जंतू त्याला धरतो. पाहुणा येताना बसायची खुर्ची स्वतःच घेऊन यावा, तसा हा प्रकार.

हे इतकं तपशिलाने सांगण्याचं कारण आहे. आमच्याकडे पालक कधीकधी आधीच केलेला तपासणीचा कागद घेऊन येतात. 'स्टूल कल्चर: ई. कोलाय ग्रोन.' खाली दहा-पंधरा अँटिबायोटिकांची यादी, समोर कोणतं चालतं आणि कोणतं चालत नाही. कागद पाहून घर हादरलेलं असतं. पण ई. कोलाय वाढला याचा अर्थ एवढाच, की ही माणसाची शी आहे. साध्या कल्चरमध्ये निरुपद्रवी ई. कोलाय आणि बिघडलेल्या घराण्यातला ई. कोलाय सारखेच दिसतात. त्यांना वेगळं काढायला जनुकांची तपासणी लागते. तेवढ्या कागदाच्या आधाराने इंजेक्शनं सुरू करणं म्हणजे घरात राहणाऱ्या माणसाला चोर समजून झोडपणं.

आणि खरा रोगजंतू सापडला तरी तोच गुन्हेगार असेल, असंही नाही. 2013 साली 'लॅन्सेट'मध्ये एक फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आफ्रिका आणि दक्षिण आशियातली सात ठिकाणं, त्यात आपलं कोलकाता. मध्यम ते तीव्र हगवण झालेली पाच वर्षांखालची नऊ हजारांहून अधिक मुलं, आणि त्यांच्याच शेजारपाजारची तेरा हजारांहून अधिक निरोगी मुलं. दोन्हींची शी सारख्याच कसोशीने तपासली. आजारी मुलांपैकी 83 टक्क्यांत कोणता ना कोणता संशयित रोगजंतू सापडला. निरोगी मुलांत? 72 टक्क्यांत. जिथे पाणी आणि परिसर अस्वच्छ आहे तिथे मुलांच्या पोटातून जंतूंची ये-जा अखंड चालू असते. कुणी त्रास देतो, कुणी नुसता जाऊन-येऊन असतो. नुसतं नाव कळून काही निष्पन्न होत नाही.

तरीही, आजारी आणि निरोगी मुलांची काळजीपूर्वक तुलना केल्यावर काही नावं ठळक झाली. रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, विष सोडणारा ई. कोलाय आणि शिगेला. 2016 मध्ये त्याच नमुन्यांचा एक भाग अधिक संवेदनशील जनुकीय पद्धतीने पुन्हा तपासला, तेव्हा शिगेलाचा वाटा आधी वाटला होता त्याहून खूपच मोठा निघाला, आणि मुख्य कारणांच्या यादीत कॅम्पिलोबॅक्टर हा आणखी एक जिवाणू आला. यातल्या दोन नावांभोवती, विष सोडणारे जंतू आणि शिगेला, पुढचं सगळं विवेचन फिरणार आहे. कारण ते दोन वेगळ्या स्वभावांचे प्रतिनिधी आहेत.

सशाच्या आतड्यातलं पाणी

आधी विष सोडणारे जंतू. त्यांची ओळख झाली ती पटकीतून, म्हणजे कॉलऱ्यातून. पटकीने आपल्या समाजात किती धास्ती घातली होती, हे गावोगावच्या वेशीवरची मरीआईची देवळं अजून सांगतात. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कलकत्त्यात वेगळा केला. एका वस्तीच्या तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो सापडला. त्याआधी तीस वर्षं, 1854 मध्ये, फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी तो पाहिला होता, पण कुणी लक्ष दिलं नव्हतं. जंतू सापडला, पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची पंचाहत्तर वर्षं कळलं नाही. समज असा होता की पटकीत आतड्याचं अस्तरच सोलून निघतं. संशोधक जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांना टोचत, प्राणी मरत, पण पटकी काही होत नसे.

शंभुनाथ डे हे कलकत्त्याचे विकृतिशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. 1953 साली त्यांनी एक साधा प्रयोग केला. सशाला भूल देऊन पोट उघडायचं, लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्या बंद कप्प्यात पटकीचे जंतू सुईने सोडायचे, शेजारच्या कप्प्यात नुसतं जंतूविरहित द्रव सोडायचं, आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर जंतू सोडलेला कप्पा तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने तट्ट फुगलेला, आणि शेजारचा रिकामा, चपटा. जिथे पाणी जमतं तिथेच पाहायला हवं, हे बहुतेकांना सुचलं नव्हतं. 1959 साली ते एक पाऊल पुढे गेले. जंतू गाळून काढले आणि मागे उरलेला नुसता द्रव कप्प्यात सोडला. तरीही कप्पा फुगला. म्हणजे जंतूची गरजच नव्हती, त्याने बाहेर सोडलेलं विष पुरेसं होतं. 'नेचर'मध्ये हा छोटेखानी लेख छापून आला.

त्याच वर्षी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या संशोधकांनी सशाच्या दूधपित्या पिल्लांवर प्रयोग करून पटकीच्या विषाबद्दल तोच निष्कर्ष काढला होता. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. डे यांच्या वाट्यालाही हयातीत देशात मोठा सन्मान आला नाही. 1978 मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरच्या परिसंवादाला त्यांना बोलावलं. 1985 मध्ये ते वारले.

या विषाने पेशी मरत नाही. ते पेशीच्या आतली एक कळ दाबून धरतं, आणि पेशी क्षार व त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतत राहते. अस्तर शाबूत असतं. 1960 मध्ये बँकॉकच्या रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासून युजीन गँगारोसा यांनी ते दाखवून दिलं. मघाशी म्हटलेला विष सोडणारा ई. कोलाय हेच करतो. त्याचं एक विष पटकीच्या विषाचं सख्खं भावंड आहे. आपल्याकडच्या मुलांच्या पाण्यासारख्या हगवणीत या जंतूचा हात मोठा असतो.

आता पेशी जिवंत आहे, तर तिची बाकीची कामंही चालू असणार. 1960 मध्येच रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरतं ते सोडियमला बरोबर घेऊन. जिथे सोडियम जाईल तिथे पाणी जातं. पटकीत बाहेर ओतणारी यंत्रणा बेफाम झालेली असते, पण आत घेणारी ही यंत्रणा बिनघोर चालू असते. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांवर हे सिद्ध केलं. आणि 1971 मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर पटकीचे रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून आणला, पाण्यात कालवला आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आधी शंभरातले तीस दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर ते प्रमाण चारच्याही खाली आलं. जंतू तेच होते, विष तेच होतं.

आपल्या खेड्यापाड्यांत याच मिश्रणाला जलसंजीवनी म्हणतात. आजच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. हे आकडे गंमत म्हणून ठरलेले नाहीत. साखर वाढली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून औषधाच्या दुकानातली गोडमिट्ट, फळांच्या चवीची, खोक्यातली पेयं हा पर्याय नाही. वेष्टनावर ओआरएस लिहून अशी पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी अनेक वर्षं लढा दिल्यावर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. पुडी नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, मोठ्याला त्याच्या दुप्पट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्याचमच्याने. सोबत झिंकची गोळी 14 दिवस. अंगावरचं दूध आणि जेवण चालू ठेवायचं. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पहिला प्रश्न म्हणजे हा: मुलाच्या अंगातलं पाणी किती गेलं? त्याचं उत्तर प्रयोगशाळेत नसतं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती हळूहळू जाग्यावर जाते का? डोळे खोल गेलेत का? तान्ह्या बाळाची टाळू बसली आहे का? मूल अधाशासारखं पाणी पितंय, की पाण्याकडे बघतही नाही? शेवटची लघवी कधी झाली? मूल मलूल पडलं असेल, पीतच नसेल, तर शिरेतून सलाईन हवंच, आणि तेही ताबडतोब. पण पिणाऱ्या मुलाला 'अशक्तपणा जावा' म्हणून सलाईन लावणं ही आपल्याकडची एक महागडी सवय आहे.

रक्त दिसलं तर

आता दुसरा स्वभाव. हे जंतू दाराबाहेर थांबून विष सोडण्यावर भागवत नाहीत, भिंत फोडून आत शिरतात.

1897 साली जपानमध्ये रक्ती हगवणीची भयानक साथ आली. नव्वद हजारांहून अधिक लोक आजारी, पाचांतला एक दगावलेला. टोकियोला जिवाणूशास्त्रज्ञ कितासातो यांच्या संस्थेत नुकताच दाखल झालेला कियोशी शिगा हा डॉक्टर त्यामागे लागला. त्याने 36 रुग्ण तपासून एक जिवाणू मिळवला आणि बरे होणाऱ्या रुग्णांच्या रक्तद्रवाने त्या जिवाणूच्या गुठळ्या होतात, हे दाखवलं. शिगेला हे नाव त्याचंच.

पटकी व्हायला लाखो-कोट्यवधी जंतू पोटात जावे लागतात, कारण जठरातल्या आम्लात बहुतेक मरतात. शिगेलाला दहा ते शंभर पुरतात. म्हणून तो पाण्यातून येतोच, पण पाणी स्वच्छ असलेल्या घरातही हातावरून, टॉवेलवरून, माशीच्या पायावरून, पाळणाघरातल्या खेळण्यावरून येऊ शकतो. मोठ्या आतड्याच्या पेशीत शिरला की तो तिथेच वाढतो, पेशीच्या आतली तंतूंची यंत्रणा वापरून शेजारच्या पेशीत घुसतो, आणि पेशी मरत जातात. लंगोट पाहिल्याबरोबर फरक कळतो. विषाच्या हगवणीत लंगोट पाण्याने थबथबतो. इथे चमचाभरच शी, बरीचशी शेंब, त्यात रक्ताच्या रेषा. मूल कुंथतं, मुरडा येऊन रडतं, ताप सणसणीत. कधीकधी मूल आधी झटका आला म्हणून येतं आणि आव नंतर पडू लागते.

इथे, आणि बहुतांशी इथेच, अँटिबायोटिक हवं. पाण्यासारख्या हगवणीत पटकीची दाट शंका असेल तर, आणि रक्त पडत असेल तर. हे दोन अपवाद सोडले तर बाकीच्या बहुतेक मुलांना ते नको. आणि हे दोन अपवाद वाचवायचे असतील, तर बाकीच्यांना ते न देणं आणखीच गरजेचं ठरतं. कारण शिगेला हा औषधांना सर्वांत लवकर निर्ढावणाऱ्या जंतूंपैकी आहे. 1984 मध्ये पश्चिम बंगालमध्ये त्याची मोठी साथ आली, तेव्हा अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन, कोट्रायमोक्साझोल ही त्या काळची नेहमीची औषधं निकामी ठरली होती. नॅलिडिक्सिक अॅसिड चाललं. ते वापरून वापरून काही वर्षांत तेही बोथट झालं. मग सिप्रोफ्लोक्सासिन आलं, आणि त्याचीही तीच गत झाली. साध्या हगवणीला दोन औषधं एकत्र केलेलं सिरप मेडिकलमधून आणून पाजलं, की त्या मुलाच्या पोटातला निरुपद्रवी ई. कोलायही प्रतिकाराची जनुकं कमावतो, आणि ती शिगेलाला उसनी देतो. दोघांचं नातं इतकं जवळचं आहे की जनुकांच्या हिशेबाने शिगेला ही ई. कोलायचीच एक शाखा.

आत शिरणाऱ्यांत आणखी दोघं आहेत, आणि ते दोघंही धीर शिकवतात. पहिला कॅम्पिलोबॅक्टर. 1886 मध्ये एशेरिश यांनीच हगवणीने गेलेल्या बाळांच्या आतड्यात नागमोडी जिवाणू पाहून त्यांची चित्रं काढली होती. पण ते वाढवता आले नाहीत. 1977 साली इंग्लंडमध्ये मार्टिन स्किरो यांनी साध्या रुग्णालयात जमेल अशी पद्धत दाखवली, तेव्हा कळलं की हा जंतू तर सगळीकडे आहे. त्याला कमी प्राणवायू आणि 42 अंश तापमान आवडतं, म्हणजे साधारण कोंबडीच्या अंगाइतकं. अंगणात कोंबड्या आणि त्याच अंगणात रांगणारं मूल, ही त्याची नेहमीची वाट. बहुतेक मुलं आठवडाभरात आपोआप बरी होतात.

दुसरा साल्मोनेला, टायफॉइडचा नव्हे, अंडी-मांस-दुधातून येणारा. यात धडधाकट मुलाला अँटिबायोटिक दिलं तर जुलाब लवकर थांबत नाहीत, उलट शीतून जंतू पडत राहण्याचा काळ लांबतो. अपवाद आहेत: तीन महिन्यांखालचं बाळ, अतिकुपोषित मूल, आणि सिकलसेलचं मूल. हा शेवटचा अपवाद गडचिरोलीत, नंदुरबारात काम करणाऱ्या डॉक्टरांनी कायम लक्षात ठेवायचा असतो. कारण सिकलसेलच्या मुलांत हा जंतू रक्तातून हाडात जाऊन बसतो.

आणि एक जंतू असा, की तिथे औषध घातक ठरण्याची भीती असते. शिगेलाचं विष चोरलेला ई. कोलाय. 1982 साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या मांसातून तो प्रथम ओळखला गेला. रक्ती जुलाब होतात, ताप फारसा नसतो, आणि आठवडाभराने काही मुलांचं मूत्रपिंड बंद पडतं. अँटिबायोटिकने जंतू फुटले की विष आणखी सुटतं, असा धोका आहे. 2011 मध्ये जर्मनीत अशा जंतूने साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, आणि माग काढत काढत तपास पोचला तो मोड आलेल्या कच्च्या मेथीपर्यंत. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. आपण मटकीची उसळ शिजवून खातो, हे किती शहाणपणाचं आहे, ते यावरून पाहा.

याचा अर्थ असा, की सात-आठ जंतूंच्या नावांचा अभ्यास करून शेवटी डॉक्टरच्या हाती दोन-तीन प्रश्न उरतात. पाणी किती गेलं? रक्त आहे का? मूल फार लहान, फार कुपोषित किंवा आधीच आजारी आहे का? हे प्रश्न आशाताई विचारू शकते, अंगणवाडीसेविका विचारू शकते, आजीही विचारू शकते. पण ज्ञान इतकं सोपं होऊनही पोचलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हगवण झालेल्या मुलांपैकी 60.6 टक्क्यांना ओआरएस मिळालं आणि 30.5 टक्क्यांना झिंक. दहातल्या चार मुलांना थोड्या पैशांत होणारी गोष्ट मिळत नाही, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरी अँटिबायोटिकची बाटली मात्र असते.

विहिरीपाशी

आता दुसरा प्रश्न. जंतू कोणता, आणि तो आला कुठून? हा प्रश्न गावाने विचारायचा आहे.

आपल्या ग्रामपंचायतींत पाणी शुद्ध करण्याची एक व्यवस्था आहे. जलसुरक्षक नेमलेला असतो. तो विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट करतो: पाण्याच्या नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन उरलं आहे. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. कागदावर सगळं ठीक असतं. पण ताज्या टीसीएलमध्ये साधारण एक तृतीयांश असणारं क्लोरीन, पोतं ओल्या खोलीत उघडं पडलं की उडून जातं, आणि मग विहिरीत पडतो तो नुसता चुना. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे या सभागृहात किती जणांना सांगता येईल?

शहरांची गोष्ट वेगळी आहे, पण बरी नाही. नळाला दिवसाआड पाणी येतं. पाणी बंद झालं की वाहिनीतला दाब जातो, आणि जिथे वाहिनी फुटकी आहे तिथे शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिलं जे येतं, ते हेच. शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी उत्तम असूनही गल्लीतली मुलं आजारी पडतात ती यामुळे.

स्वच्छतेचे सोपे उपाय पुरेसे पडतात असंही समजू नका. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2018च्या सुमारास आले. साधे संडास, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन. बांगलादेशात मुलांची हगवण घटली; केनिया आणि झिंबाब्वेत घटली नाही. मुलांची उंची तर नुसत्या या उपायांनी कुठेच वाढली नाही. शंभर जंतूंत काम भागवणाऱ्या शिगेलाला अर्धवट स्वच्छता अडवू शकत नाही. त्याला चोवीस तास दाबाने येणारं पाणी लागतं, बंद गटारं लागतात, आणि मुलाची शीही मोठ्या माणसाच्या शीइतकीच जोखमीची मानून संडासात टाकण्याची सवय लागते. हा खर्च घराचा नाही, नगरपालिकेचा आणि सरकारचा आहे. शिगेलावर सर्वसाधारण वापराची लस अजून आलेली नाही. चाचण्या चालू आहेत. तोवर पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा, एवढं घराच्या हातात आहे.

साथ आली की मात्र जंतूचं नाव तातडीने हवं असतं. तेव्हा सगळ्यांची शी तपासायची गरज नसते. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी पाच-दहा रुग्णांचे नमुने घेऊन, योग्य माध्यमात घालून, प्रयोगशाळेत पोचवले तर पुरे. पटकी निघाली तर विहीर पाहायची, शिगेला निघाला तर पाण्याबरोबर पाळणाघर आणि वसतिगृहही पाहायचं, सगळे एकाच पंगतीतून उठून दोन-चार तासांत ओकू लागले असतील तर बासुंदी किंवा शिळा भात पाहायचा. नावाबरोबर कोणतं औषध अजून चालतं हेही कळतं, आणि रक्त पडणाऱ्या पुढच्या मुलाला ते उपयोगी पडतं.

प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही दर पावसाळ्यात वाचता. 'दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची लागण, इतके रुग्ण, इतके दगावले, पथक दाखल, परिस्थिती नियंत्रणात.' कोणता जंतू, कोणत्या विहिरीतून किंवा वाहिनीच्या कोणत्या जोडातून, तो जोड दुरुस्त झाला का, हे छापून येत नाही, कारण बहुतेकदा कुणी विचारलेलंच नसतं. जो प्रश्न आई दवाखान्यात मला विचारते, तो तिने ग्रामसभेत विचारावा. मला विचारलात तर मी बहुधा पुडी आणि झिंक देऊन घरी पाठवीन. तिथे विचारलात तर उत्तर देणाऱ्याला वाहिनी खणावी लागेल.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. सरपंच आणि नगरसेवक इथे उपस्थित आहेत, त्यांनाही.